बेसीनंतरचा शोध

१८९० साली न्यूयॉर्कमधील तरुण शल्यचिकित्सक डॉ. विल्यम कोली यांच्याकडे सतरा वर्षांची बेसी डॅशिएल आली. हाताला सार्कोमा. हात कापूनही कर्करोग पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती गेली.

हा मृत्यू कोलींच्या जिवाला लागला. रुग्णालयाच्या जुन्या नोंदी चाळताना त्यांना एक रुग्ण सापडला. त्याला धावरे, म्हणजे त्वचेचा तीव्र जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि मानेवरची गाठ विरली. कोलींनी त्याला शोधून काढले, तेव्हा तो ठणठणीत होता.

कोली रुग्णांना आधी जिवंत, पुढे मृत जंतू टोचू लागले. काही बरे झाले, काही दगावले. क्ष-किरण उपचार आले आणि ही पद्धत मागे पडली. १९३६ मध्ये कोली वारले. मुलगी हेलनने त्यांच्या नोंदी जपल्या.

संसर्गाने जागी झालेली प्रतिकारशक्ती गाठीवरही तुटून पडली, असा अर्थ आज लावला जातो. रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देणाऱ्या 'कार-टी' उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये पहिली मान्यता मिळाली, ती ल्युकेमिया झालेल्या मुलांसाठी आणि तरुणांसाठी. बेसीच्या सार्कोमासारख्या गाठींपुढे मात्र या पेशी अजून कमी पडतात. तिथले संशोधन सुरूच आहे.