एबीबीतल्या बोव्हेरींचा भाऊ आणि रक्ताचा कर्करोग

वडोदऱ्यातल्या जुन्या मंडळींना हिंदुस्तान ब्राऊन बोव्हेरी हे नाव नव्यानं सांगायला नको. तीच आजची एबीबी. त्या नावातले बोव्हेरी म्हणजे इंजिनिअर वाल्टर. त्यांच्याहून मोठे भाऊ थिओडोर मात्र आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाचा आज जो गुणसूत्रांचा रिपोर्ट येतो, त्यामागचा मूळ विचार या थिओडोर बोव्हेरींचा.

जन्म 12 ऑक्टोबर 1862, जर्मनीतलं बाम्बर्ग. आधी इतिहास आणि तत्त्वज्ञान, मग म्युनिकला शरीरशास्त्र. तिशी ओलांडताच 1893 मध्ये ते वुर्झबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. तब्येत कायम नाजूक. पुढं बर्लिनच्या मोठ्या संस्थेचं प्रमुखपद चालून आलं, तेही तब्येतीपायी नाकारलं. पत्नी मार्सेला या बोस्टनच्या, स्वतः जीवशास्त्रज्ञ. प्रयोगात दोघं बरोबरीनं असत.

खरं काम झालं इटलीत, नेपल्सच्या समुद्रकाठी. सी अर्चिन म्हणजे काटेरी गोळ्यासारखा सागरी जीव. त्याच्या एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले की अंड्याचे एकदम चार भाग होतात आणि गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. कुणाला जास्त, कुणाला कमी. बोव्हेरींनी ते भाग वेगळे करून वाढवले, तर प्रत्येकाची वाढ वेगळी, बहुतेक बिघडलेली. म्हणजे गुणसूत्रं एकसारखी नाहीत, प्रत्येकाचं काम निराळं. 1902 मध्येच त्यांना शंका आली, कर्करोगाची सुरुवात अशीच होत असेल का?

1914 साली त्यांनी यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. गुणसूत्रं बिघडलेल्या एकाच पेशीपासून गाठ सुरू होते आणि तिच्या सगळ्या वंशात तो बिघाड जातो, असा त्यांचा दावा. आमच्या कॉमर्सच्या भाषेत, एक चुकीची एन्ट्री आणि तीच पुढच्या प्रत्येक पानावर ओढलेली. अडचण एकच, हातात पुरावा नव्हता. सगळा अंदाज अर्चिनच्या अंड्यांवरून. पुढच्याच वर्षी, 15 ऑक्टोबर 1915 ला, 53 व्या वर्षी ते गेले. मार्सेलाबाईंनी 1929 मध्ये पुस्तक इंग्रजीत आणलं. 1950 मध्ये त्याही गेल्या.

पुरावा मिळाला 1960 मध्ये, फिलाडेल्फियात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत नोवेल आणि हंगरफर्ड यांना एक आखूड गुणसूत्र दिसलं. 1973 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत. त्या जोडावर तयार होणाऱ्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिबची गोळी 2001 मध्ये आली.

पण हा आजार एका बिघाडावर थांबेलच असं नाही. उपचाराविना तो काही वर्षं संथ राहतो, मग उसळतो. डॉक्टर त्याला ब्लास्ट क्रायसिस म्हणतात. त्या सुमारास पेशींत नवे बदल जमू लागतात: ते आखूड गुणसूत्र दोनदा दिसतं, आठवं एक जादा येतं, सतराव्याची एक बाजू गळून दुसरीच दुप्पट होते. बिघाड वाढत गेला की गाठ जास्त घातक होते, हाही बोव्हेरींचाच तर्क. म्हणूनच निदानाच्या वेळी, आणि पुढं गोळी चालेनाशी झाली तरी, डॉक्टर बोन मॅरोतून गुणसूत्रांची तपासणी मागवतात. त्या कागदावर जादा आकडा दिसला की औषध बदलायचं की बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करायचा, याची चर्चा सुरू होते.