विद्यापीठाचे पहिले पदवीधर : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते अवघे चार होते : महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. यांपैकी चौथे आमच्या ज्ञातीचे भूषण होत. त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवताना आम्हांस आनंद होतो, व थोडी लाजही वाटते. लाजेचे कारण पुढे येईल.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा लाभली. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण, १८६३ मध्ये एम. ए., आणि मग सिंधमधील हैद्राबाद व रत्नागिरी येथील शाळांत मुख्याध्यापकाचे काम. विद्यापीठाची सर्वोच्च पदवी धारण करणारा हा गृहस्थ प्रथम शाळामास्तरच होता, ही गोष्ट आम्ही मास्तर मंडळी विसरत नाही. मुलांना संस्कृत सोपे व्हावे म्हणून त्यांनी ‘मार्गोपदेशिका’ लिहिली. तीत एका पाठात थोडेच नियम, लगेच उदाहरणे, आणि दोन्ही भाषांत भाषांतराचा सराव, अशी रचना आहे. आम्ही स्वतः वर्गात तीच वापरली. व्याकरणाला भिणारी मुलेही तीत रमत असत.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम हंगामी म्हणून काही वर्षे केले. पण १८७३ साली ती कायम जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. योग्यतेचा हा अवमान त्यांनी गिळला आणि दुय्यम जागेवरून अभ्यास चालूच ठेवला. हस्तलिखितांच्या शोधार्थ ते गावोगाव फिरले व त्यांचे वृत्तांत त्यांनी छापले. १८८२ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. १८८४ मध्ये त्यांचा दक्षिणेचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला. ताम्रपट, शिलालेख व नाणी यांच्या आधारे आपल्या देशाचा इतिहास कसा लिहावा, हे त्या ग्रंथाने पुष्कळांना दाखवून दिले. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठाने त्यांना घडविले, त्याचेच ते १८९३ मध्ये कुलगुरू झाले.

आता लाजेची गोष्ट. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. प्रार्थनासमाजाच्या व्यासपीठावरून जे सांगितले, ते स्वतःच्या घरात करून दाखविले. समाजसुधारणेवर भाषणे देणारे तेव्हाही विपुल होते. पण मुलीच्या विवाहाची वेळ आली की त्यांच्यापैकी बहुतेकांना शास्त्र आठवे. असा विवाह करणाऱ्या कुटुंबाशी पंक्तिव्यवहार ठेवावा की नाही, याचा खल त्या काळी घरोघर चाले. आज त्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या आम्हां ज्ञातिबांधवांनी त्या दिवशी त्यांच्या घरी पान वाढून घेतले असते काय, हा प्रश्न आम्ही आम्हांसच विचारतो.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यास त्यांच्या नावाचे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्यास दिला. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितेही पुढे तेथेच आली. १९१९ मध्ये त्या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले. ते १९६६ मध्ये पुरे झाले. ते पाहण्यास डॉक्टर हयात नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले होते.