रामन यांनी प्रवेश नाकारला, त्याच कमला सोहोनींनी नीरेतलं 'क' जीवनसत्त्व दाखवून दिलं

शेवग्याच्या पानांची पावडर, 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' असं लिहिलेलं. अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. पानांतून हे घटक काढायला हेक्झेन, मिथेनॉलसारखी घातक द्रावणं टाळून पाणी आणि इथेनॉलवर भागवायचं, हा सध्याचा प्रयत्न. मेख एवढीच की जास्त तापवलं तर 'क' जीवनसत्त्वासारखा घटक हाती येण्याआधीच नष्ट होतो.

वनस्पतीतलं पोषण प्रक्रियेत टिकतं का, हा प्रश्न एका मराठी बाईंनी पूर्वीच हाताळला होता. त्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत.

जन्म १९११चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. मुंबईतून पदवी घेऊन कमलाताईंनी १९३३मध्ये तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल विजेते! त्यांनी नकार दिला, कारण काय तर अर्जदार मुलगी आहे. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षेवर. त्यांच्यामुळे इतर विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होऊ नये, अशीही अट होती. आज वाचतानाही डोकं फिरतं. वर्षभरात रामन यांना त्यांचं काम मान्य करावं लागलं.

पुढे केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असतं. पेशीत ऊर्जा तयार होताना इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. १९३९मध्ये पीएचडी.

लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला.

नीरा म्हणजे ताडामाडाचा ताजा रस. इथे द्रावण लागत नाही, झाडच रस देतं. अडचण पुढची. ऊन चढलं की नीरा आंबते. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. म्हणून ती आटवून गूळ करतात. पण आटवायचं म्हणजे उष्णता आलीच, मग पोषण उरतं का?

उरतं, असं त्यांच्या कामातून दिसलं. नीरेत 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे, आणि गूळ किंवा काकवी केली तरी ते टिकतं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. बाजारातल्या महाग टॉनिकपेक्षा हे कितीतरी स्वस्त. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना उशिराच मिळालं.

१९९८मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. २०२३मध्ये गुगलने त्यांच्यावर डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.