स्वरांचे सूक्ष्म कान : उस्ताद अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य, तर हिराबाई बडोदेकर व सुरेशबाबू माने ही त्यांची अपत्ये. परंतु खाँसाहेबांच्या चरित्रातील एक प्रकरण विज्ञानाच्या वर्गात सांगण्यासारखे असूनही सहसा सांगितले जात नाही. ध्वनीचा धडा शिकणाऱ्या विद्यार्थी मित्रांसाठी तेच येथे थोडे विस्ताराने मांडतो.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे घरातच तालीम झाली. पुढे ते बडोदा दरबारी गायक होते, आणि अखेर मिरज हेच त्यांचे घर झाले. मिरज ही तंतुवाद्यांची पेठ. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तेथे वाद्ये घडविण्यास आरंभ केला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ या घराण्यापर्यंत जाते. खाँसाहेब स्वतः बीन वाजवीत, वाद्ये दुरुस्तही करीत, आणि तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय गाणे सुरू करीत नसत.

तंबोरा लागला, म्हणजे नेमके काय झाले? समजा, षड्जाच्या एका तारेची सेकंदाला २४० कंपने होत आहेत आणि जोडीच्या तारेची २४२. दोन्ही एकदम छेडल्या तर आवाज सेकंदाला दोनदा चढतो व उतरतो. या हेलकाव्यांना इंग्रजीत बीट्स म्हणतात. खुंटी व मणी फिरवीत गेले की हेलकावे संथ होतात आणि दोन्ही तारा जुळताच नाहीसे होतात. पंचमाचे थोडे निराळे आहे. २४० च्या षड्जाचा शुद्ध पंचम ३६० चा. षड्जाच्या तारेतून तिप्पट कंपनांचा, म्हणजे ७२० चा, सूक्ष्म स्वरही निघत असतो, आणि पंचमाच्या तारेतून दुपटीचा, तोही ७२० चाच. पंचम ३६१ झाला की ही दुप्पट ७२२ होते आणि हेलकावे सुरू. गवयाने हे गणित केलेले नसते, त्याच्या कानाला ते ऐकू येते.

हे सूक्ष्म स्वर तंबोऱ्यात इतके स्पष्ट का उमटतात, याचे उत्तर घोडीच्या वक्र पृष्ठात व तारेखाली सरकविलेल्या जवारीच्या दोऱ्यात आहे. भारतीय तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्याचा शास्त्रीय अभ्यास सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. नागपूरकरांनी लक्षात ठेवावे की हे रामन १९१० च्या सुमारास आपल्याच शहरात हिशेब खात्यात अधिकारी होते.

आता मूळ प्रकरण. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपने ठरविण्याचा ध्यास घेतला होता. १९१० मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले. गणिताने काढलेला स्वर प्रत्यक्ष गाण्यातला आहे की नाही, हे पडताळण्यासाठी कसलेला गळा हवा होता, आणि खाँसाहेबांनी तो दिला. उस्तादांना शास्त्र कळत नाही, असे सुशिक्षित लोक उघड बोलत तो हा काळ. अशा वेळी एक नामवंत गायक आपला स्वर मोजणीला लावतो, ही माझ्या मते त्यांच्या कोणत्याही मैफलीइतकीच मोठी गोष्ट आहे.

भांडण होते ते पेटीशी. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार, २४० च्या षड्जावर, सुमारे ३०२.४ चा येतो, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ३०० चा. देवल-क्लेमेंट्स यांनी श्रुतींची निराळी पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, पण एकमत झाले नाही. पं. भातखंडे यांना ही श्रुतींची मोजदाद मान्य नव्हती. पुढे यंत्रांनी गायकांचे स्वर मोजले गेले, तेव्हा गाताना स्वर एका आकड्यावर खिळून राहत नाही, असेच दिसले. म्हणजे बावीस ठरीव आकड्यांचा आग्रह टिकला नाही. खाँसाहेबांच्या कानाला त्याने उणेपणा येत नाही. कान मोजणीच्या आधीचा आहे.

मोजणीच्या या खटाटोपाच्या काळातच, १९१३ मध्ये, त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तिकिटे लावून जलसे करावयाचे व त्या पैशातून विद्यालय चालवावयाचे, असा क्रम होता. तेथे शिकणाऱ्यांत हिंदू मुले पुष्कळ होती. त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूंचे मोठे मराठी चरित्र लिहिले. कर्नाटक संगीताचाही खाँसाहेबांनी आस्थेने अभ्यास केला, आणि म्हैसूर दरबारात त्यांचा सन्मान झाला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जात असता गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहान स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना अंथरला गेला. त्यांनी तंबोरा लावावयास सांगितला आणि दरबारी कानड्यात प्रार्थना गाता गाता प्राण सोडला, असे सांगतात. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला. दरवर्षी उरुसाच्या वेळी तेथे गवई जमतात व त्यांच्या स्मरणार्थ गातात.