क्लोरोफॉर्मवाले डॉक्टर लॉरी

विद्यानगरहून कोठीकडे निघाले की नल्लाकुंट्याला फीवर हॉस्पिटल लागते. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे, आणि मलेरियामुळे रॉस आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण त्यांच्याही आधी एका डॉक्टरांनी हैदराबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय मासिकांत गाजवले होते. ते म्हणजे डॉ. एडवर्ड लॉरी. आपल्यापैकी अनेक घरांतल्या आत्या-मावश्या ज्या कोठी विमेन्स कॉलेजात शिकल्या, ती इमारत तेव्हा इंग्रजांची रेसिडेन्सी होती. लॉरी तिथले रेसिडेन्सी सर्जन. 1885 साली ते इथे आले, अफझलगंज इस्पितळात शस्त्रक्रिया करू लागले आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचेही प्रमुख झाले.

लॉरी एडिंबराच्या तालमीतले. त्याच गावात नोव्हेंबर 1847 मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरात आणला होता. त्याआधीची शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचे आणि सर्जनने घाई करायची. त्यामुळे हे औषध देवासारखे वाटले यात नवल नाही. पण जानेवारी 1848 मध्येच इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना टेबलावरच दगावली. क्लोरोफॉर्म हुंगल्यावर दोन-तीन मिनिटांत सारे संपले. नखासारखे साधे दुखणे, आणि मृत्यू औषधाने! त्यानंतर असे मृत्यू कुठे ना कुठे होत राहिले. श्वास आधी थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांचे दोन तट पडले.

एडिंबराच्या पठडीत उत्तर ठरलेले होते: नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. श्वास नीट चालू असेल तर हृदयाला धोका नाही. लॉरींनी ही शिकवण अगदी मनापासून धरली. इथे त्यांच्या हाताखाली हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला जात होता, त्यामुळे त्यांची खात्री पटत गेली. 1888 साली त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून घेतले आणि श्वासच आधी थांबतो असा निष्कर्ष काढला. लंडनच्या लॅन्सेट साप्ताहिकाने त्यावर शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊन लॅन्सेटलाच आपला तज्ज्ञ हैदराबादला पाठवायला सांगितले. आपली चूक शोधायला आपल्याच खर्चाने परीक्षक बोलावणे ही गोष्ट आजही फारशी कोणी करत नाही.

आले ते सर टॉमस लॉडर ब्रंटन, हृदयावरील औषधांचे नावाजलेले जाणकार. छातीतल्या कळेवर अमिल नायट्राइट वापरण्याची कल्पना त्यांचीच. 1889 च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत लॉरी, ब्रंटन, डॉ. बॉमफर्ड आणि आपल्याकडचे डॉ. रुस्तमजी यांचे काम हैदराबादेत चालले. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे असे शेकडो प्राणी वापरले गेले. (आज असे प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही, आणि ते बरेच आहे.) ब्रंटन हृदयाविषयी शंका घेऊन आले होते, पण समोर जे दिसले त्यावरून त्यांनीही मत बदलले. क्लोरोफॉर्म जास्त झाला की आधी श्वास बंद पडत होता आणि हृदय त्यानंतर. लंडनला तार गेली. लॉरी जिंकले.

पण माणसे मरतच राहिली. 1893 साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी वेगळ्या रीतीने प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्म थेट हृदयालाही दुबळे करतो. त्याच वर्षी लॅन्सेटने इंग्लंड आणि वसाहतींतल्या डॉक्टरांकडून भुलीखालच्या मृत्यूंची माहिती मागवून ती छापली. औषधाच्या दुष्परिणामांची अशी पद्धतशीर नोंद करण्याचा हा फार जुना प्रयत्न मानला जातो. पुढच्या वर्षी गथ्री यांनी लहान मुलांचे काही रुग्ण मांडले. त्यांची शस्त्रक्रिया नीट झाली, मूल शुद्धीवर आले, आणि नंतर उलट्या सुरू होऊन ते दगावले. कारण क्लोरोफॉर्म यकृताच्या पेशी मारतो. ना श्वासावर नजर ठेवून हे कळले असते, ना नाडीवर.

लॉरी मात्र मागे हटले नाहीत. ते वाद घालत राहिले. मलेरियाचा परजीवी रक्तात असतो, हेही ते मानायला तयार नव्हते. मला वाटते, हा माणूस खोटा नव्हता, पण ठाम फार होता. ज्या कुत्र्यांवर त्यांनी प्रयोग केले, ती निरोगी होती, आणि त्यांना क्लोरोफॉर्म पुरेसा, खोलवर दिला होता. हॅनासारखी मुलगी भ्यालेली होती आणि अर्धवट भुलीत होती. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढते. हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये त्या अ‍ॅड्रेनलिनने हृदयाची लय बिघडते, ते नुसतेच थरथरते आणि रक्त पुढे ढकलत नाही. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर हे दाखवून दिले. म्हणजे लॉरींनी जे पाहिले ते खरे होते, पण माणसे ज्याने मरत होती ते त्यांच्या प्रयोगशाळेत घडतच नव्हते.

तरीही हैदराबादला त्यांच्याकडून जे मिळाले ते थोडे नाही. त्यांनी 1885 पासून मेडिकल स्कूलमध्ये मुलींना प्रवेश दिला. त्यातल्या पारशी घरातल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी 1889 मध्ये पदवी घेऊन क्लोरोफॉर्म देण्याचेच काम करू लागल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. पुढे 1909 मध्ये त्या एडिंबराला जाऊन भौतिक आणि रसायनशास्त्र शिकून आल्या, कारण भुलीची औषधे कशी वागतात हे त्यांना मुळापासून समजून घ्यायचे होते. परतल्यावर चादरघाटच्या इस्पितळात त्यांनी 1920 पर्यंत काम केले.

लॉरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद सोडून गेले आणि 1915 साली वारले. अफझलगंजचे त्यांचे इस्पितळ 1908 च्या मुसीच्या पुरात गेले. त्याच जागी नंतर उस्मानिया इस्पितळ उभे राहिले. क्लोरोफॉर्म आता भुलीसाठी कोणी वापरत नाही. जुन्या सिनेमातला खलनायक रुमाल नाकाशी धरतो आणि नायिका क्षणात बेशुद्ध होते, तेवढाच तो उरला आहे. तेही खरे नाही, बेशुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात.