लक्ष्मीबाई टिळक यांचा निश्चय

‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक वाचकांस ठाऊक आहेतच. परंतु ज्यांच्या लेखणीत पुढे एवढे धैर्य दिसून आले, त्यांचे मन एके काळी कित्येक वर्षे दोहोंकडे ओढले जात होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर गावी झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारचे मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाही. अशा घरची ही कन्या बालवयातच नारायण वामन टिळकांस दिली गेली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंवर जणू आकाशच कोसळले. मुलास घेऊन त्या पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. पतीकडे जावे तर जात व आप्तजन अंतरतात. न जावे तर पती अंतरतो व मुलगा पित्यास मुकतो. या विवंचनेत त्यांचे शरीर व मन दोन्ही झिजून गेली.

अखेरीस त्या पतीकडे अहमदनगरास गेल्या. तथापि धर्म त्यांनी बदलला नाही. आपली चूल व आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले, आणि टिळकांनीही बाप्तिस्म्याविषयी त्यांजवर सक्ती केली नाही. जेवढे स्पष्ट दिसले तेवढे त्यांनी केले. जे अद्याप पटले नव्हते ते पटल्याचे सोंग मात्र केले नाही.

पुढे त्यांच्या मनात एक विचार आला. देवाने स्त्री व पुरुष निर्माण केले. जाती निर्माण केल्या त्या मनुष्यांनी. मग मनुष्याने केलेले बंधन आपण देवाचे म्हणून का पाळावे? सर्व गुंत्याच्या मुळाशी असलेली गाठ ती हीच होती. ती सुटताच, यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही, असे त्यांनी ठरविले, आणि तो निश्चय लांबणीवर टाकला नाही. नंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला.

या निश्चयाचे बळ त्यांस जन्मभर पुरले. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे होते. शाळेचे शिक्षण नसताही लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण करण्याचे काम अंगावर घेतले व तडीस नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, गावकी एकीकडे ओढते व मन दुसरीकडे, असा प्रसंग आपल्यांतील पुष्कळांवर येतो. अशा वेळी भीतीने स्वस्थ बसू नये, आणि दुसऱ्याच्या आग्रहाने उडीही घालू नये. आपणांस नक्की कोणती गोष्ट अडविते ती शोधावी, ती देवापुढे मांडावी, आणि उत्तर स्पष्ट झाले म्हणजे उद्याची वाट न पाहता पाऊल टाकावे.