पपई रंगाच्या टोपीमागचा माणूस

गेल्या रविवारी शहराबाहेर एका डीलरच्या टेस्ट ड्राइव्हला गेले होते. चार स्पोर्ट्‌स कार ओळीने उभ्या आणि समोर आमच्या वयाच्या पोरांची ही भलीमोठी रांग! प्रत्येकाला दहा मिनिटं. शेजारच्या सीटवर डीलरचा माणूस आणि त्याची एकच सूचना, साठच्या वर जायचं नाही. तरी उतरल्यावर प्रत्येक जण एक्स्पर्ट. कुणाला एकीचा पिकअप भारी वाटला, कुणाला दुसरीचं स्टिअरिंग जड लागलं. एकाने तर आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर आठवून तिसरी जागच्या जागी नापास केली.

रांगेत एकाच्या डोक्यावर मॅकलॅरनची पपई रंगाची टोपी होती. सहज विचारलं, हा मॅकलॅरन कोण रे? त्याने टीमच्या दोन्ही ड्रायव्हर्सची नावं सांगितली, पण मॅकलॅरन आडनावाचा खराखुरा माणूस होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांपूर्वी माझ्याही नव्हतं.

ब्रूस मॅकलॅरन. जन्म ३० ऑगस्ट १९३७, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडिलांचा पेट्रोल पंप आणि गॅरेज, त्यामुळे पोरगं ग्रीस आणि पान्यांमध्येच वाढलं. नवव्या वर्षी त्याच्या खुब्याच्या हाडाला पर्थेस नावाचा आजार झाला. ज्या वयात पोरं मैदानात हुंदडतात, त्या वयातली जवळपास दोन वर्षं त्याने मुलांच्या उपचारगृहात चाकाच्या पलंगावर पाय ताणून बांधलेल्या अवस्थेत काढली. बरा झाला, पण डावा पाय कायमचा आखूड राहिला. पुढे जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांमधून उतरून लंगडत चालणारा माणूस म्हणून लोक त्याला ओळखायचे.

वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली होती. ती ब्रूसच्या हातात आली आणि चौदा-पंधरा वर्षांचा असताना त्याने मुरीवाईच्या चढाच्या शर्यतीत ती पळवलीसुद्धा. पुढे इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, पण १९५८मध्ये न्यूझीलंडच्या होतकरू ड्रायव्हरला युरोपला पाठवणाऱ्या योजनेत त्याची निवड झाली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. तिथे कूपरच्या टीममध्ये तो जॅक ब्रॅबमच्या हाताखाली तयार झाला.

१२ डिसेंबर १९५९, अमेरिकेतलं सेब्रिंग. सीझनची शेवटची शर्यत. शेवटच्या लॅपमध्ये पुढे असलेल्या ब्रॅबमच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आणि त्याच्या मागे असलेला ब्रूस जिंकला. तिकडे ब्रॅबमने गाडी ढकलत ढकलत रेषेपार नेली, चौथा आला आणि वर्ल्ड चॅम्पियनही झाला! ब्रूसचं वय तेव्हा २२ वर्षं १०४ दिवस. इंडियानापोलिस सोडलं तर इतक्या लहान वयात कुणी ग्रांप्री जिंकलेली नव्हती. तो विक्रम मोडायला २००३मध्ये अलोन्सो यावा लागला. मीही २२चीच आहे आणि माझ्याकडे सध्या लर्निंग लायसन्स आहे. असो.

पण शर्यती जिंकणारे पुष्कळ असतात. मला ब्रूस आवडतो तो त्याच्या टेस्टिंगसाठी. १९६३मध्ये त्याने स्वतःची टीम काढली. गाडी बनवायची, स्वतःच ट्रॅकवर न्यायची, काय चुकतंय ते बघायचं, परत गॅरेजमध्ये आणायची. रविवारी आम्ही केली ती टेस्ट ड्राइव्ह, पण हे काम वेगळं. इथे गाडी आवडली का हा प्रश्नच नसतो, ती असं का वागते हे शोधायचं असतं.

एकदा टेस्ट करताना त्याला दिसलं की वेग वाढला की पुढच्या बाजूचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण फडफडत उघडतंय. दुसरा कुणी असता तर झाकण घट्ट बसवून मोकळा झाला असता. ब्रूसने विचार केला, हवा खालून ढकलत असल्याशिवाय ते उघडेल कसं? म्हणजे रेडिएटरमधून आलेली हवा आत कोंडतेय. त्याने पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागे सरळ दोन भोकं पाडली. हवेला वाट मिळाली. नाकपुड्यांसारखी दिसणारी ती भोकं नंतर रेसिंग कारमध्ये सर्रास दिसू लागली.

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' पाहिलाय ना? १९६६च्या ले मान्समध्ये केन माइल्सच्या हातून विजय निसटतो, तो ब्रूस आणि क्रिस एमन यांच्या गाडीकडे जातो. फोर्डला सगळ्या गाड्या एकत्र रेषेपार न्यायच्या होत्या. ब्रूसची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणून तिचं अंतर काही मीटर जास्त धरलं गेलं. सिनेमा माइल्सचा आहे, त्यामुळे थिएटरमध्ये आपण सगळेच ब्रूसवर चिडतो. ते काही बरोबर नाही.

१९६८मध्ये बेल्जियममध्ये त्याने स्वतःच्या नावाची गाडी चालवून ग्रांप्री जिंकली. हे त्याच्याआधी फक्त एक-दोघांनाच जमलं होतं. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-अॅम मालिकेत तर त्याने आणि डेनी हल्मने कहरच केला. १९६९च्या अकराच्या अकरा शर्यती पपई रंगाच्या गाड्यांनी जिंकल्या, सहा ब्रूसने, पाच डेनीने.

आता त्याला रस्त्यावर चालणारी स्पोर्ट्‌स कार बनवायची होती. रेसिंग कारवर छत चढवून एम६जीटी तयार केली आणि रोजच्या जाण्यायेण्याला तीच वापरायला लागला. म्हणजे रोजच टेस्ट ड्राइव्ह! ती विक्रीला आणायची त्याची इच्छा होती.

२ जून १९७०. इंग्लंडमधल्या गुडवूड ट्रॅकवर तो कॅन-अॅमची नवी एम८डी तपासत होता. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते, नेहमीचंच काम. सरळ रस्त्यावर भरधाव असताना गाडीच्या मागच्या भागाचं आवरण निघालं. गाडी जमिनीला धरून राहीना. ती ट्रॅकशेजारच्या बांधकामावर आदळली आणि ब्रूस जागीच गेला. वय ३२. घरी पत्नी पॅटी आणि लहानगी अमांडा होती.

दुसऱ्या दिवशी टीमला सुट्टी दिली होती. तरी सगळे कामावर आले. डेनीचे हात त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच इंडियानापोलिसला भाजले होते, तरी पट्ट्या बांधलेल्या हातांनी तो गाडीत बसला. बारा दिवसांनी, १४ जूनला कॅनडातल्या मॉसपोर्टला सीझनची पहिली शर्यत होती. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी एम८डी घेऊन उतरला आणि जिंकला.

एम६जीटी काही विक्रीला आली नाही. मॅकलॅरनची रस्त्यावरची गाडी लोकांना विकत मिळायला पुढे वीसेक वर्षं जावी लागली. मुंबईत तिचं शोरूम २०२२मध्ये सुरू झालं. तिथे टेस्ट ड्राइव्ह देतात का, हे विचारायला टोपीवाला मित्र पुढच्या आठवड्यात जाणार आहे.